बाणावर एक प्रश्नचिन्ह
'डीएनएपासून आरएनए, आरएनएपासून प्रथिन' ही पाठ्यपुस्तकातली आकृती चुकीची नाही, अपुरी आहे. आरएनए तयार झाला की प्रथिन बनणारच, असा समज ती करून देते. ई. कोलाय जीवाणूत ग्लायकोजेन बनवणाऱ्या एका विकराच्या आरएनएवर, रायबोसोम जिथे चढतो तिथेच, सीएसआरए हे प्रथिन बसते. कांजूरमार्गला लोकल थांबली, पण दारात कुणी ठाण मांडले, तर चढणार कसे? सीएसआरबी हा दुसरा आरएनए आपल्या सुमारे १८ जागांवर ही प्रथिने अडकवून दार मोकळे करतो. सीएसआरए १९९३ मध्ये, सीएसआरबी १९९७ मध्ये सापडला. आकृती मात्र तशीच! शिक्षकांनी दुसऱ्या बाणावर निदान प्रश्नचिन्ह काढावे. पुढचे मुले विचारतील.