प्रश्नाचा खेळ आणि स्वभावाचा खेळ

हरसूल, पेठ, सुरगाणा, मोखाडा, जव्हार या डोंगरपट्ट्यातील बोहाड्यात मुखवट्याआडचा गडी कोण, हे प्रेक्षकास बहुधा ठाऊक असते. रावणाचे पुढे काय होणार, हेही ठाऊक असते. तरीही रात्र जागविली जाते. अर्थात 'पुढे काय' ही जिज्ञासा प्रेक्षकाच्या रसाचे एकमेव कारण नव्हे. दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषा आणि ज्यांस 'रिअ‍ॅलिटी शो' म्हणतात ते कार्यक्रम यांच्या आकर्षणाची मीमांसा करताना नेमके हेच विसरले जाते व दोहोंस 'स्पर्धा' या एकाच सदरात घातले जाते.

'कौन बनेगा करोडपती' २००० साली सुरू झाले. त्याचा मराठी अवतार 'कोण होईल मराठी करोडपती' २०१३ साली आला. येथील प्रश्न समोरच्या स्पर्धकास विचारलेला असला, तरी त्याच क्षणी तो घरच्या प्रेक्षकासही विचारला जातो. उत्तर आधीच निश्चित असते. अनिश्चित असते ते केवळ कोणास ते ठाऊक आहे, एवढेच. प्रेक्षक हा सहस्पर्धक होतो आणि क्वचित खुर्चीवरील माणसाहून आपण शहाणे, हे समाधानही त्यास फुकट मिळते.

२०१८ साली सुरू झालेल्या 'बिग बॉस मराठी'त ही व्यवस्था उलटते. तेथे योग्य उत्तर कोठेच नोंदलेले नसते. प्रेक्षकांच्या मतांनीच ते घडते. भाषेच्या दृष्टीने पाहता तेथील अदृश्य आवाज स्वतःविषयी तृतीय पुरुषात, आदरार्थी बहुवचनात बोलतो: बिग बॉस आदेश देत आहेत. 'मी' म्हणणारा कोणी नसल्याने आज्ञा ही नियतीसारखी भासते, आणि सदस्यांना 'मी' म्हणत भांडण्यास मैदान मोकळे राहते. प्रेक्षक येथे स्पर्धक नसून पंच होय. आणि पंचास ज्ञान लागत नाही, मत लागते. समोरचा खरा की मुखवटा चढविलेला, याचा शोध हाच त्याचा खेळ.

'होम मिनिस्टर' (२००४–२०२२) या दोहोंच्या मध्ये बसते. खेळ सामान्य, बक्षीस पैठणीचे. परंतु आदेश बांदेकर हे 'भावोजी' आणि स्पर्धक 'वहिनी' झाल्याबरोबर परक्या माणसाचे घरात शिरणे नात्याच्या मर्यादेत येते. एका संबोधनाने जे साधले, ते शेकडो कॅमेऱ्यांनी साधले नसते.

या भेदाचा खरा कस लागतो तो बोलीच्या प्रश्नावर. २०२४ साली 'बिग बॉस मराठी'चे पाचवे पर्व बारामती तालुक्यातील मोढवे गावच्या सूरज चव्हाणने जिंकले. त्याचे 'गुलीगत', 'झापुक झुपूक' हे शब्द कोशात शोधून उपयोग नाही. 'झापुक झुपूक' ही स्वर पालटून केलेली द्विरुक्ती 'टापटीप', 'ठाकठीक' यांच्याच घडणीची आहे. अर्थ न विचारता ती कानास पटते. प्रश्नमंजूषेत हे भांडवल निरुपयोगी ठरते. तेथील प्रश्न लिखित प्रमाण मराठीत बांधलेला असतो, आणि कोकणा वा वारली बोलणाऱ्या प्रेक्षकास उत्तरापूर्वी आणखी एक पायरी चढावी लागते. तथापि बोलीचा हा विजय निर्भेळ मानू नये. ज्या बोलीवर प्रेक्षक लुब्ध होतो, तिच्यावरच तो हसतही असतो; मत देणारा हात कौतुकाचा की कनवाळूपणाचा, हे मतांच्या संख्येवरून कळत नाही. प्रश्नमंजूषेत निदान उत्तर बरोबर असल्यास बोलणाऱ्याचा उच्चार कोणी मोजीत नाही.

अंजनगाव सुर्जी येथील शाळेत खिचडी शिजविणाऱ्या बबिता ताडे यांनी २०१९ साली हिंदी कार्यक्रमात एक कोटी रुपये जिंकले, तेव्हा त्यांच्या तुटपुंज्या मासिक मानधनाची चर्चा प्रश्नांहून अधिक झाली. म्हणजे प्रश्नमंजूषेनेही आता चरित्राची कास धरली आहे. परंतु फरक उरतोच: ताडे यांचे चरित्र प्रेक्षकास हेलावू शकले, उत्तर बदलू शकले नाही. 'बिग बॉस'मध्ये मात्र चरित्र हेच उत्तर असते, आणि तेही दिवसभराच्या चित्रणातून निवडलेल्या तासाभराचे. बोहाड्यातील मुखवटा निदान लाकडाचा वा कागदाच्या लगद्याचा असतो आणि तो मुखवटा आहे, हे सर्वांस दिसते.