परत आलेल्याच्या नावाचं वळण नाही

मेलबर्नहून दोनेक तासांवर फिलिप आयलंडचा ट्रॅक आहे. जागतिक सुपरबाइकची फेरी तिथे भरते तेव्हा, बहुतेक वर्षी त्याच वीकेंडला, ऑस्ट्रेलियाची राष्ट्रीय स्पर्धा ‘एएसबीके’ही सुरू होते. देशी शर्यत म्हणजे तोंडी लावणं. मी गेले तेव्हा ती सुरू असताना कॉफीच्या रांगेत उभी होते, हेही कबूल करते.

ट्रॅकचा नकाशा बघा. गार्डनर, डूहान, स्टोनर, मिलर. वळणांना आणि सरळ पट्ट्याला ज्या रायडर्सची नावं आहेत, ते सगळे बाहेर जाऊन मोठे झालेले. त्यात स्टोनरची गोष्ट तर खरोखर नाइलाजाची होती. इथे रोड रेसिंगला वयाची अट १६ची, म्हणून चौदाव्या वर्षीच तो घरच्यांसोबत इंग्लंडला गेला. त्या बाबतीत देशी व्यवस्था कमी पडली, यात वाद नाही. २०१९पासून एएसबीकेत लहान मुलांसाठी ओशिआनिया ज्युनियर कप आहे. चांगलंच झालं. पण त्याच्याकडेही आपण बाहेर जाण्याची पहिली पायरी म्हणूनच बघतो.

माझा आक्षेप या मोजपट्टीला आहे. २०१८मध्ये तीन वेळचा जागतिक सुपरबाइक विजेता ट्रॉय बेलिस एएसबीकेत उतरला. वय ४९ला टेकलेलं, मान्य. तरी अजिंक्यपद मिळवलं ते ट्रॉय हर्फॉसने. हे नाव तुम्ही ऐकलंय? किंवा जॉश वॉटर्स घ्या: २००९, २०१२, २०१७, २०२४चा विजेता. मधे ब्रिटनमध्ये शर्यती केल्या, परत आला, पुन्हा जिंकला. एवढी वर्षं त्याच ट्रॅक्सवर नव्या पोरांना मागे ठेवणं हे ‘बाहेर जमलं नाही’ या खात्यात कसं टाकायचं?

हे आपल्याला ओळखीचं वाटायला हवं. लग्नाकार्यात ‘सध्या कुठे असतेस?’ला मी ऑस्ट्रेलिया म्हटलं, की पुढे कामाबद्दल कुणी विचारत नाही. आणि पुण्याला परत गेलेल्या मैत्रिणीला पहिला प्रश्न येतो: ‘का गं, काय झालं?’

पुढच्या वेळी गेलात, तर कॉफी आधी घेऊन ठेवा. देशी शर्यत पूर्ण बघा.