तेरम्वा कोण?

जबलपूर म्हटले की मराठी प्रवाशाला भेडाघाट आठवतो. संगमरवरी कडे, धुवांधार, यमके जुळवत वर्णन करणारे नावाडी, आणि ‘जिस देश में गंगा बहती है’ (१९६०) या चित्रपटात दिसलेली तिथली नर्मदा. नावेतून उतरून टेकडीच्या पायऱ्या चढणारे त्या मानाने थोडे. वर कलचुरींच्या काळातले चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. उघडे अंगण, भोवती वर्तुळाकार ओवरी, मध्ये नंदीवर बसलेले गौरीशंकर. नाव चौसष्टचे असले तरी कोनाडे ऐंशीहून अधिक आहेत. बहुतेक मूर्ती भंगलेल्या, पण अनेकींच्या पीठावर नाव कोरलेले आहे.

इथेच वाचनाचा प्रश्न सुरू होतो. एक देवी महिषाला मारते आहे. आपण लगेच म्हणतो, महिषासुरमर्दिनी. पीठावरची अक्षरे म्हणतात, श्री तेरम्वा. रूप ओळखीचे आहे, नाव नाही. अशा वेळी ‘म्हणजे आपली दुर्गाच’ असे सांगून पुढे जाणे सोपे असते. अनुवादात हा मोह रोज होतो. ओवीला हिंदीत दोहा म्हटले की वाचक अडखळत नाही, पण जात्याची घरघर हरवते. तेरम्वेला दुर्गा म्हटले की तिची पूजा करणाऱ्यांनी तिला वेगळे का मानले, हा प्रश्नच पुसला जातो.

गंमत अशी की याच राज्याच्या दरबारासाठी लिहिलेले एक नाटक नेमके या चुकामुकीवर उभे आहे. कलचुरींची राजधानी त्रिपुरी, म्हणजे भेडाघाटाजवळचे आजचे तेवर. १९३९चे काँग्रेस अधिवेशन याच नावाने ओळखले जाते. तिथे युवराजदेवाच्या दरबारी राजशेखराची ‘विद्धशालभञ्जिका’ रंगली. नायक एका कोरीव पुतळीत स्वप्नातली मुलगी पाहतो. ती मुलगी मुलाच्या वेषात राजवाड्यातच वावरते आहे. थट्टा म्हणून राणी त्या ‘मुलाला’ स्त्रीवेष देऊन राजाशी त्याचे लग्न लावते आणि स्वतःच फसते. अंतःपुरातली हलकीफुलकी नाटिका म्हणून ती बाजूला टाकली जाते. योगिनींच्या ओवरीत उभे राहून आठवली, तर रूपावरून नाव ठरवणाऱ्यांची ती चांगलीच फजिती करते.

राजशेखर आपल्या पूर्वजाला, अकालजलदाला, महाराष्ट्राचा चूडामणी म्हणवतो. कलचुरींचे कोरीव लेख एकत्र संपादून १९५५ साली प्रसिद्ध केले ते नागपूरच्या वा. वि. मिराशींनी. एवढ्यावर ‘त्रिपुरी मुळात आपलीच’ म्हणण्याचा उत्साह मराठी वाचकाला येऊ शकतो. पण तेरम्वेला दुर्गा म्हणणे आणि त्रिपुरीला मराठी म्हणणे यांत फार अंतर नाही. मिराशींच्या कामाचे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. दगडावर जे अक्षर आहे ते आधी जसेच्या तसे वाचायचे, अर्थ नंतर लावायचा, ही त्या कामाची शिस्त.

वारसा पाहायला निघालेल्यालाही हीच शिस्त लागते. मार्गदर्शकाने महिषमर्दिनी जरूर सांगावी, त्याशिवाय मूर्तीची ओळख पटायला सुरुवात होत नाही. मात्र त्याआधी पीठाकडे बोट दाखवून तेरम्वा हे नाव मोठ्याने उच्चारावे. कामदा, सर्वतोमुखी ही शेजारणींची नावेही. त्यांतल्या काहींचा अर्थ लागेल, काहींचा लागणार नाही. जिचा लागत नाही तिला दुसरे नाव देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.