हंस पोचवणारी बाई

अ‍ॅना पावलोव्हाचा ‘द डाइंग स्वान’ पहिल्यांदा मोबाइलवर पाहिला तेव्हा खरं सांगायचं तर निराशा झाली. जुनी मूकफिल्म, धक्के खात सरकणारी चित्रं. एवढ्यासाठी जग वेडं झालं होतं?

मग मागाहून जोडलेलं संगीत बंद केलं आणि फक्त हात पाहिले. पाय बारीक पावलं टाकत राहतात, उड्यांची आतषबाजी नाहीच. मरण येतं ते हातांतून.

१८८१ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये एका धोबिणीच्या पोटी जन्मलेली ही मुलगी मारिन्स्की थिएटरची आघाडीची नर्तिका झाली. हा हंस फोकीनने तिच्यासाठी बसवला. त्याच्याच ‘फायरबर्ड’ला मात्र तिने नकार दिला, स्ट्राविन्स्कीचं संगीत तिला रुचेना. द्यागिलेव्हची मंडळी बॅले बदलत होती, आणि ही जुनं, गोड तेच घेऊन देशोदेशी फिरत होती. नव्याशी तिचं जमलं नाही, हे मला मान्य आहे.

पण ज्यांनी बॅले कधी पाहिलाच नव्हता, त्यांना जुनं काय नि नवं काय? चित्रकला शिकायला लंडनला गेलेले उदय शंकर १९२३मध्ये तिच्यासोबत राधा-कृष्णाच्या नृत्यात कृष्ण म्हणून उभे राहिले, आणि नर्तकच झाले.

१९३१मध्ये हेग शहरात ती गेली, तीही दौऱ्यावरच. नवं घडवणाऱ्यांना आपण थोर म्हणतो. माझ्या लेखी, पोचवणारीही तेवढीच थोर.