'डिग्री बदला' म्हटल्यावर नेमकं काय बदलतं?

'चेंज द डिग्री' हा प्रश्न तुम्ही शाळेत सोडवला असेलच. सुपरलेटिव्ह दिलं की 'नो अदर' लावून पॉझिटिव्ह करायचं, 'वन ऑफ द' दिसलं की 'व्हेरी फ्यू'. अर्थ कळायची गरज नाही, साचा पाठ असला की गुण पक्के. रेन आणि मार्टिन यांच्या प्रसिद्ध व्याकरणात हा सराव आहे, आणि आपल्याकडच्या गाइडांनी तो घरोघरी नेला. (हे रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते, 'बो जेस्ट' ही कादंबरी त्यांचीच.) पुस्तकाशी माझं भांडण नाही. या एका सरावाशी आहे. मराठी मुलं जिथे अडकतात, तिथे तो पोचतच नाही.

अडकतात कुठे, ते बघा. 'वर्धा मोठं आहे.' 'वर्धा आर्वीपेक्षा मोठं आहे.' 'वर्धा जिल्ह्यात सगळ्यात मोठं आहे.' तिन्ही वाक्यांत 'मोठं' जसंच्या तसं! तुलनेचं काम 'पेक्षा' आणि 'सगळ्यात' करतात, विशेषणाला कुणी हात लावत नाही. इंग्रजीत नुसत्या 'दॅन'वर भागत नाही, 'बिग'चंही 'बिगर' व्हावं लागतं. म्हणून 'वर्धा इज बिग दॅन आर्वी' असं वाक्य येतं. हा निष्काळजीपणा नाही. ते मराठीचं शिस्तशीर व्याकरण आहे, फक्त शब्द इंग्रजी.

स्पॅनिश बोलणाऱ्याचं दुखणं वेगळं. त्याच्या भाषेत विशेषणाआधी 'मास', म्हणजे 'अधिक', लावावंच लागतं. तो 'मोर बिग' म्हणून चुकतो. आपण ती 'मोर'सुद्धा विसरतो. मग दोघांना एकच सराव देऊन कसं चालेल?

आता माझ्या आवडीचा भाग. 'वर्ध्याहून नागपूरला गेलो' आणि 'वर्ध्याहून नागपूर मोठं', दोन्हीकडे तोच 'हून', पंचमीचा. लिऑन स्टासेन यांनी १९८५ मध्ये जगभरच्या भाषांतल्या तुलनेच्या रचनांची वर्गवारी केली. त्यात 'अमक्यापासून मोजलं तर मोठं' अशी रचना हा एक मोठा गट आहे. आपली 'हून'ची रचना त्याच गटातली. इंग्रजीचं 'दॅन' दुसऱ्या गटात पडतं. म्हणजे 'हून'ला 'दॅन' असा प्रतिशब्द देऊन आपण मोकळे होतो, पण अख्खी रचनाच वेगळी आहे.

गंमत अशी, की इंग्रजीचा 'एस्ट' आपल्या घरातही आहे. संस्कृतातला 'इष्ठ' त्याचाच नातेवाईक: श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ. मुळात श्रेष्ठ म्हणजेच सर्वांत चांगला. मराठीत तो अर्थ इतका झिजला की आपण बिनधास्त 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो. तेव्हा 'मोस्ट बेस्ट' लिहिणाऱ्या पोराला हसण्याआधी जरा थांबा.

दुसरी तक्रार अर्थाची. २०११ च्या जनगणनेत वर्धा आणि हिंगणघाट ही दोन्ही शहरं लाखाच्या थोडी वर होती. 'वर्धा हिंगणघाटपेक्षा मोठं आहे' आणि 'हिंगणघाट वर्ध्याएवढं मोठं नाही' ही वाक्यं या सरावात सारखी. हिशेबाला असतीलही. पण दुसरं वाक्य हिंगणघाटात जाऊन म्हणून बघा! कोणतं वाक्य कुठे वापरायचं, हेच तर भाषेत शिकायचं असतं, आणि तेच इथे गाळलंय.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली होती, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली. सात वर्षांचं शिक्षण मातृभाषेतून, हा तिचा एक ठराव. तो माध्यमाबद्दल होता, इंग्रजीच्या तासाबद्दल नाही, हे मान्य. पण मुलाची भाषा जमेस धरून सुरुवात करायची, ही त्यातली गोष्ट इंग्रजीच्या तासाला का लागू करू नये?

त्यासाठी फार काही लागत नाही. फळ्यावर मराठी वाक्य लिहा, खाली इंग्रजी, आणि विचारा: विशेषण कुठे बदललं? मग जिल्ह्याचे आठही तालुके, त्यांची लोकसंख्या आणि पाऊस मुलांपुढे ठेवा. देवळी आणि सेलू यांत पाऊस कुठे जास्त, आष्टी मोठी की कारंजा, हे इंग्रजीत सांगायला लावा. 'नो अदर'ने सुरू होणारं वाक्य पाठ असलेला मुलगा पुढे मुलाखतीत 'माय व्हिलेज इज स्मॉल दॅन देवळी' म्हणतो, तेव्हा त्याच्या वहीतले पैकीच्या पैकी गुण समोरच्याला दिसत नाहीत.