सख्याचे मोल कोणी द्यावे?

नवविधा भक्तीत सख्य ही आठवी भक्ती. दास्य ओलांडल्यावर ती येते व तिच्यापुढे केवळ आत्मनिवेदन उरते. अर्जुन, सुदामा, पेंद्या यांच्यामुळे देवाला सखा मानणे आपल्याला लहानपणापासून सवयीचे आहे. ख्रिस्ती धर्मात मात्र देव हा पिता किंवा न्यायाधीश असतो, सखा नव्हे, अशी आपल्यातील पुष्कळांची समजूत असते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ अलीकडे पुन्हा वाचताना ही समजूत तपासून पाहावी, असे आम्हांस वाटले.

बायबलच्या जुन्या करारात अब्राहामाला देवाचा मित्र म्हटले आहे. मोशेशी देव समोरासमोर, मनुष्याने मित्राशी बोलावे तसा बोलतो. पण हा मान तेथे एखाद्यालाच मिळतो. योहानाच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात तो शिष्यांच्या सगळ्या पंक्तीला मिळतो. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू शिष्यांना सांगतो, की यापुढे मी तुम्हांला दास म्हणणार नाही, मित्र म्हणेन. कारण धनी काय करतो हे दासाला ठाऊक नसते आणि तुमच्यापासून मी काहीच लपवून ठेवलेले नाही. आमची सारी हयात सरकारी नोकरीत गेली असल्याने यातील भेद आम्हांस चटकन उमगला. वरून आदेश येतो, अंमलबजावणी होते. कारण फाईलवर येतेच असे नाही. कारण सांगणे हे सख्याचे पहिले लक्षण.

परंतु हे सख्य म्हणजे बरोबरीची सलगी नव्हे. माझ्या आज्ञा पाळाल तर मित्र, अशी अट तेथेच घातली आहे आणि मित्रांसाठी प्राण देण्याहून थोर प्रीती नाही, हेही तेथेच सांगितले आहे. अंतर फार वाढले की मैत्री टिकत नाही, म्हणून देव आणि मनुष्य यांची मैत्री संभवत नाही, असे अॅरिस्टॉटलचे मत होते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने अॅरिस्टॉटललाच गुरू मानून उलट निष्कर्ष काढला: देव आपल्या आनंदात मनुष्याला सहभागी करून घेतो, म्हणून ईश्वरप्रेम ही मैत्रीच होय. अंतर खरे, पण ते वरून खाली उतरून तोडलेले आहे.

समर्थांनीही दासबोधाच्या चौथ्या दशकातील आठव्या समासात सख्यभक्ती सोपी म्हणून सांगितलेली नाही. देवाला जे आवडते तसे वर्तावे आणि त्याच्या सख्यासाठी जिवलगांची ताटातूट झाली तरी ती सोसावी, असा त्यांचा रोख आहे. म्हणजे सख्याला मोल आहे, याविषयी दोन्ही परंपरांचे एकमत आहे. ते मोल नेमके कोण देतो, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे अनुत्तरित राहतो.

‘स्मृतिचित्रे’ वाचताना तोच प्रश्न समोर येतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना १८९३ साली राजनांदगाव संस्थानाकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारले गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ते नंतर कळले. सप्तपदीत सातव्या पावलावर वर वधूला सखी म्हणतो. १८८० साली झालेल्या या विवाहातील सखीला, आयुष्याची दिशा बदलणारा निर्णय आधी कळू नये, हे आम्हांस खटकते. ज्याने आपल्या मित्रांपासून काही लपवले नाही, त्याचे मित्रत्व पत्करताना टिळकांनी घरच्या सखीला अंधारात ठेवले. देवाच्या सख्याचे मोल त्यांनी स्वतः दिलेच, समाजाचा रोष पत्करला. पण जवळजवळ पाच वर्षांचा विरह, लहानगा दत्तू आणि नातलगांचा आधार एवढे ओझे ज्यांनी काही मागितलेही नव्हते त्या लक्ष्मीबाईंवर पडले.

टिळकांना न्याय द्यायचा, तर त्यांनी पत्नीची वाट पाहिली, तिला सोडले नाही, हेही नोंदवले पाहिजे. लक्ष्मीबाई १९०० साली ख्रिस्ती झाल्या, त्या पतीमागे फरफटत गेल्या नाहीत. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांनी स्वतः विचार करून ठरवले. त्यांनाही कारण कळावे लागले, तेव्हाच त्या दास्यातून सख्यात आल्या.

१९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या या आत्मकथेत त्यांनी धर्मोपदेश टाळला आहे. स्वतःचा संताप, सोवळेओवळे, पतीचा विक्षिप्तपणा, यांपैकी काहीही त्या वाचकापासून लपवीत नाहीत. पंधराव्या अध्यायाने सांगितलेले सख्याचे लक्षण पतीच्या चरित्रापेक्षा पत्नीच्या लेखनात अधिक उतरले आहे, असे आमचे मत झाले.

आपल्या घराघरांतल्या कपाटांत हे पुस्तक बहुधा असतेच. या खेपेस वाचकांनी आधी दासबोधातील तो समास व योहानाचा तो अध्याय वाचावा आणि मग लक्ष्मीबाईंकडे वळावे, एवढीच विनंती.