हवी तेव्हा, हवी तिकडे?

अवकाश दुर्बिणींवरचे लेख आणि विज्ञान प्रदर्शनांतले तक्ते वाचताना एक वाक्य हमखास भेटते: ‘अवकाशात ना ढग, ना दिवसाचे निळे आकाश, म्हणून दुर्बीण हवी तेव्हा, हवी तिकडे वळवता येते.’ पूर्वार्ध बरोबर आहे. उत्तरार्ध मात्र चूक आहे, आणि ही चूक आम्हीही व्याख्यानांतून केलेली आहे.

२५ डिसेंबर २०२१ रोजी सुटलेली जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख कि.मी. अंतरावर आहे. तिचा आरसा आणि उपकरणे सूर्यपटलाच्या सावलीतच राहायला हवीत. त्यामुळे सूर्यापासून ८५ ते १३५ अंशांवरचेच आकाश तिला पाहता येते. म्हणजे कोणत्याही क्षणी सुमारे ४० टक्के आकाश! सूर्य रोज साधारण एक अंश सरकतो. म्हणून आयनिक वृत्तावरचा तारा सुमारे ५० दिवस दिसतो, तोही वर्षातून दोनदा. फक्त कदंबांजवळचा छोटा भाग वर्षभर दिसतो.

याचा परिणाम पाहा. प्रतियुतीच्या वेळी मंगळ सर्वांत तेजस्वी असतो. पण तेव्हा तो सूर्यापासून १८० अंशांवर, म्हणजे वेबच्या कक्षेबाहेर असतो! ८ डिसेंबर २०२२ ला प्रतियुती होती. वेबने मंगळाची पहिली चित्रे घेतली ती ५ सप्टेंबरला.

हबलची अडचण वेगळी. सुमारे ९५ मिनिटांच्या प्रत्येक प्रदक्षिणेत पृथ्वीच बहुतेक लक्ष्यांच्या आड येते. डिसेंबर १९९५ मध्ये सप्तर्षींतल्या एका इवल्याशा तुकड्याचे सलग दहा दिवस निरीक्षण झाले. त्या जागेच्या निवडीचे एक कारण असे, की तिथे पृथ्वी आड येत नव्हती.

हे सारे वगळून नुसती चित्रे दाखवली, तर निरीक्षण म्हणजे कळ दाबणे असा विद्यार्थ्यांचा समज होतो. वास्तविक कोणते लक्ष्य केव्हा दिसेल, हे आधी मांडणे हाच शास्त्रज्ञांच्या कामाचा मोठा भाग असतो.

शिक्षकांनी एक प्रयोग जरूर करावा. पंचांगातून रवी आणि मंगळ यांचे आजचे भोग घ्या, वजाबाकी करा. उत्तर १८० हून मोठे आल्यास ते ३६० मधून वजा करा. ते ८५ ते १३५ च्या दरम्यान असेल, तर आज वेबला मंगळ दिसू शकेल. एवढे गणित आठवीच्या मुलालाही जमते. मग ते वाक्य फळ्यावर लिहून त्यातली चूक त्यालाच शोधू द्यावी.